एका दिवसाचा अल्बम, पन्नास वर्षांचं परीक्षण

सप्टेंबर १९७० मध्ये अमेरिकेतल्या 'रोलिंग स्टोन' या पाक्षिकाने बर्मिंगहॅमच्या चार पोरांच्या पहिल्याच अल्बमची सालटी काढली. परीक्षण लिहिणाऱ्याचं म्हणणं थोडक्यात असं, की ही 'क्रीम' या बँडची नक्कल आहे आणि तीसुद्धा धड जमलेली नाही. २००३ मध्ये त्याच 'रोलिंग स्टोन'ने आजवरच्या सर्वोत्तम ५०० अल्बमची यादी काढली. त्यात हा अल्बम २४१ व्या जागेवर होता. मधल्या तेहतीस वर्षांत तबकडीवरचा एक सूरही हललेला नव्हता.

बँडचं नाव ब्लॅक सॅबथ, अल्बमचं नाव 'ब्लॅक सॅबथ', आणि त्यातल्या पहिल्या गाण्याचं नावही तेच. जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत काळे टी-शर्ट घालून फिरणारी पोरं जे हेवी मेटल ऐकतात, त्याची सुरुवात बहुतेक जण या अल्बमपासून धरतात. त्यातलाच एखादा हटकून विचारतो, "मग तेव्हाच्या लोकांना कळलं कसं नाही?" याचं तयार उत्तर असं असतं, की समीक्षकांना अक्कल नव्हती. मला ते पटत नाही. ती परीक्षणं आज शांतपणे वाचली तर दिसतं, की त्यांनी ऐकलं बरोबर होतं. संगीत संथ आहे, एकच तुकडा घोळवला जातो, आवाज जड आणि काळवंडलेला आहे, शब्दांत भुतंखेतं आहेत. हे सगळं अल्बममध्ये आहेच. त्यांनी ते दोषांच्या रकान्यात मांडलं, पुढच्यांनी तेच उचलून गुणांच्या रकान्यात टाकलं. हे कसं झालं ते कळायला आधी तबकडी कशी बनली आणि तिच्यात वाजतं काय, ते बघावं लागतं.

स्टुडिओ अल्बम हा शब्द आपण सहज वापरतो. मैफल चालू असताना टेप केलेली तबकडी म्हणजे लाइव्ह अल्बम. स्टुडिओत बसून, एकेक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घेऊन, चुकलं तिथे पुन्हा वाजवून, शेवटी सगळं एकत्र मिसळून केलेला तो स्टुडिओ अल्बम. साठच्या दशकाच्या शेवटी हे काम फार वाढलं होतं. बीटल्सनी १९६७ च्या त्यांच्या गाजलेल्या अल्बमसाठी महिनोन्‌महिने स्टुडिओ अडवून ठेवला होता. ब्लॅक सॅबथला मिळाला एक दिवस. १६ ऑक्टोबर १९६९, लंडनचा रीजंट साउंड स्टुडिओ, चार ट्रॅकचं यंत्र, निर्माता रॉजर बेन, साधारण सहाशे पौंडांचं बजेट. ओझी ऑस्बर्नला गायला एका खोपटात उभं केलं, बाकीचे तिघे बाहेर, आणि क्लबमध्ये रोज वाजवायचे तशी गाणी एकामागून एक वाजवून टाकली. पावसाचा, ढगांचा आणि घंटेचा आवाज नंतर चिकटवला. काही ठिकाणी गिटारचा दुसरा थर चढवला. बाकी जे आहे ते त्या दिवशीचं आहे.

त्यात एक भानगडही झाली. टोनी आयोमी तेव्हा फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार वाजवायचा. एक गाणं झालं आणि गिटारच्या तारांचा आवाज पकडणारा पिकअपच बंद पडला. दुरुस्तीला वेळ कुठला! जवळ दुसरी गिटार होती गिब्सन एसजी, तीच उचलली. पुढे आयुष्यभर आयोमी म्हटलं की लोकांना एसजी आठवावी, अशी ती त्याच्या हाताला चिकटली.

म्हणजे हा अल्बम एका अर्थी लाइव्हच आहे, फक्त टाळ्या नाहीत. घाईत केलेलं काम घाईचंच वाटतं असं तेव्हाच्या समीक्षकाने म्हटलं तर ते काही खोटं नव्हतं. पण मागे तयारी मोठी होती. हॅम्बुर्गच्या स्टार क्लबसारख्या ठिकाणी ही पोरं एका रात्रीत अनेक कार्यक्रम करायची. बोटांना सवय होती, म्हणून तर एका दिवसात उरकलं.

आता ती बोटं. खरी गोष्ट तिथे आहे.

बर्मिंगहॅम म्हणजे इंग्लंडच्या मधोमध वसलेलं कारखान्यांचं शहर, आणि त्यातलं ॲस्टन म्हणजे कामगारवस्ती. चौघेही त्याच भागातले. ओझीची आई लुकास कंपनीत मोटारीचे भाग बनवण्याच्या कामाला होती. ओझीनेही तिथे मोटारींचे हॉर्न ट्यून करायचं काम केलं. नंतर तो कत्तलखान्यात लागला, मधे घरफोडीपायी काही आठवडे तुरुंगातही जाऊन आला. बास म्हणजे खर्जातली गिटार वाजवणारा आणि बहुतेक गाण्यांचे शब्द लिहिणारा गीझर बटलर हिशेबनीस व्हायला शिकत होता. आणि टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा.

जळगावच्या एमआयडीसीत पत्र्याचं काम चालणाऱ्या एखाद्या जुन्या शेडमध्ये जाऊन बघा. पॉवर प्रेस उभा असतो, खाली डाय म्हणजे साचा, वर पत्रा कापणारा पंच. एका हाताने पत्रा आत सरकवायचा, पायाने पायडल दाबायचं, खट्, तुकडा पलीकडे पडतो. परत पत्रा, परत पायडल. तासाभराने हातापायाची लय जमते आणि डोकं घरी जाऊन पोचतं. धोका असतो तो तेव्हाच. नवा हेल्पर आला की जुना ऑपरेटर त्याला फार काही सांगत बसत नाही. स्वतःचा पंजा पसरून दाखवतो. एखादं बोट पेरभर आखूड असतं, तेवढं पुरतं.

आयोमी रोजचा प्रेसवाला नव्हता. १९६५ ची गोष्ट, वय सतरा. युरोपात वाजवायचं ठरलं होतं, नोकरीचा शेवटचा दिवस. दुपारच्या सुट्टीत तो घरी आला आणि परत जायचंच नाही म्हणाला. आईने दटावलं, की काम पुरं करून ये. त्या दिवशी प्रेसवर बसणारी बाई आली नव्हती, म्हणून याला तिथे बसवलं. आपल्याकडे गिरण्यांत म्हणायचे तसा तो बदलीवर होता. प्रेस हातावर आला, त्याने दचकून हात ओढला, आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तिथेच राहिली. आयोमी डावखुरा. म्हणजे उजवा हात तारा दाबायचा. गिटारवाल्याचा नेमका तोच हात गेला.

तो घरी खचून बसलेला असताना कारखान्याचा एक मॅनेजर त्याला एक रेकॉर्ड ऐकवून गेला. वाजवणारा होता जँगो राइनहार्ट, ज्याचा डावा हात आगीत भाजला होता आणि जो तारा दाबायला मुख्यतः दोनच बोटं वापरायचा. आयोमीने मग भांडी घासायच्या द्रवाची प्लास्टिकची बाटली वितळवली, तिच्या गोळ्या करून बोटांच्या मापाच्या टोप्या कोरल्या, त्यावर चामडं चिकटवलं. टोपीतून तार जाणवत नाही, जोर किती लावला ते कळत नाही. मग त्याने बँजोच्या हलक्या तारा गिटारला लावल्या. चार बोटांनी धरायचे भरगच्च कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे गुच्छ, जमेनात, तिथे दोन सुरांवर भागवलं.

इथे एक दुरुस्ती करून ठेवतो. बोटं तुटल्यामुळे आयोमीने गिटार खालच्या पट्टीत उतरवली आणि त्यातून हा जड आवाज आला, असं या पहिल्या अल्बमबद्दलही सर्रास सांगतात. गिटार तीन अर्ध्या सुरांनी खाली उतरवणं आलं ते तिसऱ्या अल्बमपासून, १९७१ मध्ये. पहिला अल्बम साध्या, नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये आहे. म्हणजे यातला जडपणा दुसरीकडून आला.

कुठून, ते शोधायला मी अमळनेर तालुक्यातल्या आमच्या एका नानांची मदत घेतली. नाना भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांना पहिलं गाणं ऐकवलं. पाऊस झाला, घंटा झाली, गिटार आली, आणि नाना म्हणाले, "हाई काय लाई दिनं रे भाऊ!" (हे काय लावून दिलंस!) पण कान तयार, म्हणून हात आपोआप पेटीकडे गेला. पांढरी पाच धरली, वरची पांढरी पाच वाजवली, मग मधे चाचपडत काळी एकवर थांबले. तो सूर त्यांनी दोनदा हलवून पाहिला. "तीव्र मध्यम शे हाई. यमनना." थोडं थांबून, "पंचम कोठे गया मंग?"

बस. नानांनी अख्खं गाणं दोन वाक्यांत उकललं.

या गाण्याचा मुख्य तुकडा, ज्याला रॉकवाले रिफ म्हणतात, तो तीनच सुरांचा आहे: सा, तार सा, आणि तीव्र मध्यम. सप्तकात अर्धे सूर बारा. सा पासून सहा घरं वर गेलं की तीव्र मध्यम, तिथून आणखी सहा घरं गेलं की तार सा. म्हणजे हा सूर बरोबर मधोमध, दोन्हीकडून सारखा लांब. कानाला टेकायला जवळचा सूर लागतो, तो इथे मिळत नाही. यमन रागात हाच मध्यम गोड लागतो, कारण त्याच्या शेजारी पंचम उभा असतो आणि तो तिकडे झुकतो. मारवा रागात पंचम नसतो, म्हणून दिवेलागणीला मारवा ऐकताना जीव थोडा टांगल्यासारखा होतो. सॅबथच्या गाण्यात पंचम नाही, झुकायला जागा नाही, आणि वर तो मध्यम थरथरत ठेवलाय. लयही इतकी विलंबित, की पुढचा सूर कधी पडतो याची वाट बघावी लागते. भीती वाटते ती या वाट बघण्याची. आणि शेवटी हेच गाणं अचानक दौडायला लागतं.

पाश्चात्त्य संगीतात या अंतराला सैतानाचं नाव चिकटलेलं आहे, आणि मध्ययुगात चर्चने त्यावर बंदी घातली होती अशी गोष्ट नेटवर फिरत असते. बंदीचा पुरावा कुणी दाखवत नाही. सैतानाचं नाव १८ व्या शतकाच्या सुरुवातीच्या संगीतग्रंथांत सापडतं, एवढं खरं. आयोमीने यातलं काही वाचलेलं नव्हतं. बटलर त्या दिवसांत होल्स्ट या इंग्रज संगीतकाराच्या ग्रहमालिकेतला मंगळाचा तुकडा बासवर वाजवत बसायचा, त्याचा कुठेतरी परिणाम होऊन हा रिफ निघाला, अशी हकीकत बँडवालेच सांगतात.

दुसरा भाग आवाजाचा. लग्नाच्या मांडवात स्पीकरला झेपेल त्याहून जास्त आवाज दिला की तो फाटतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. फाटतो म्हणजे नेमकं काय? आवाजाची लाट वर जाते, आवाज वाढवणाऱ्या यंत्राची, म्हणजे अँपची, ताकद संपते, आणि लाटेचा माथा सपाट कापला जातो. कापलेल्या कडांमुळे मूळ सुराबरोबर त्याचे वरचे कितीतरी सूर आपसूक वाजू लागतात. सूर जाडा होतो, लांबतो, त्याला दाते फुटतात. मांडवातला ध्वनिवाला हे टाळायला धडपडतो. रॉक गिटारवाला मुद्दाम करतो. आयोमीचे अँप बर्मिंगहॅमच्याच लेनी कंपनीचे. त्यांच्या आधी तो एक छोटी पेटी जोडायचा, जी अँपला आणखी ढकलून फाडायची.

आता गंमत बघा. फाटलेल्या आवाजात सा, ग, प असा भरलेला कॉर्ड वाजवला, की गंधाराचे वरचे सूर बाकीच्यांशी भांडतात आणि सगळ्याचा चिखल होतो. नुसते सा आणि प वाजवले, तर सूर एकमेकांना धरून राहतात आणि भिंतीसारखा आवाज येतो. यालाच पॉवर कॉर्ड म्हणतात. दोन बोटांवर टोप्या घातलेल्या माणसाला तो सोयीचाही पडतो. आयोमीच्या आधीही पॉवर कॉर्ड होते, पण त्याच्यासारखे त्यांच्यावरच घर बांधणारे थोडे.

कारखान्यांच्या घणाघातातून हे संगीत जन्मलं, असं फार लिहिलं जातं. वाचायला छान वाटतं. पण त्याच बर्मिंगहॅममधून मूडी ब्लूजसारखा बँडही निघाला, ज्यांनी १९६७ मध्ये ऑर्केस्ट्रा घेऊन मखमली अल्बम केला. भोंगा त्यांनीही ऐकलाच असेल की. प्रेस जळगावातही आहेत आणि भुसावळच्या यार्डात रात्रभर डबे आपटतात, म्हणून तिथे कुणी हेवी मेटल काढलं नाही. शहराने या पोरांना विषय दिला असेल, मनाचा रंग दिला असेल. आवाज मात्र त्या तुटक्या बोटांनी, टोप्यांनी आणि फाडलेल्या अँपने दिला, असं माझं मत. त्यात बिल वॉर्ड हा ड्रमर जाझ ऐकून वाढलेला. त्यामुळे इतक्या जड संगीताखाली ठेका मात्र झोके घेतो, ठोकत नाही. पुढच्या अनेक मेटल बँडना हे साधलेलं नाही.

शब्दांचं आणि मुखपृष्ठाचं लवकर आटोपतो. बँडचं नाव एका भयपटावरून घेतलं. सरावाच्या खोलीसमोरच्या थिएटरात तो लागला होता, आणि घाबरायला लोक पैसे मोजून रांग लावतात हे बघून बटलरला नवल वाटलं. गाण्यांत सैतान आहे, पण त्याची पूजा नाही. पहिल्या गाण्यातला माणूस काळी आकृती बघून देवाचा धावा करतो. 'एन.आय.बी.' मध्ये सैतान प्रेमात पडतो. आणि हे भयंकर वाटणारं नाव वॉर्डच्या दाढीचा आकार पेनाच्या निबसारखा दिसायचा म्हणून पडलं. मुखपृष्ठावर ऑक्सफर्डशायरमधल्या मेपलडरहॅमची जुनी पाणचक्की आणि काळ्या झग्यातली बाई. आत उघडलं की उलटा क्रूस, त्यात एक उदास कविता. हा क्रूस व्हर्टिगो या रेकॉर्ड कंपनीकडून आला, बँडला विचारलंही नव्हतं, आणि नंतर निस्तरायला मात्र त्यांनाच लागलं. समीक्षकाने गाणं ऐकण्याआधी मुखपृष्ठ पाहिलं असणार, हे लक्षात ठेवा.

अल्बम इंग्लंडमध्ये १३ फेब्रुवारी १९७० ला आला. वार शुक्रवार, मुद्दाम साधलेला. तिकडे तेरा तारखेचा शुक्रवार अशुभ मानतात. अमेरिकेत तो वॉर्नर ब्रदर्सने जूनमध्ये काढला.

तेव्हा परीक्षणाला वजन होतं, कारण ऐकून बघून घ्यायची सोय नव्हती. रेडिओवर न वाजणाऱ्या बँडची तबकडी म्हणजे बंद पाकीट. म्हणून समीक्षक हा ग्राहकाचा माणूस. 'व्हिलेज व्हॉइस' मध्ये रॉबर्ट क्रिस्टगाऊ जे सदर लिहायचा त्याचं नावच 'कन्झ्युमर गाइड': चार-सहा ओळींत निकाल आणि शेजारी शाळेतल्यासारखी श्रेणी. त्याने या अल्बमला प्रतिसंस्कृतीतलं सगळ्यात वाईट ते प्लास्टिकच्या तबकडीवर वाढलंय अशा अर्थाचं सुनावलं आणि मंत्रतंत्राचा फालतूपणा म्हणून झटकून टाकलं. 'रोलिंग स्टोन' मध्ये लिहिणारा होता लेस्टर बँग्स. बास आणि गिटार एकमेकांच्या अंगावर कोसळत राहतात पण जुळत कधीच नाहीत, असा त्याचा मुख्य आक्षेप.

प्रतिसंस्कृती म्हणजे काय, तेही दोन वाक्यांत. व्हिएतनाम युद्धाला विरोध, लांब केस, प्रेम आणि फुलं, ऑगस्ट १९६९ चा वुडस्टॉकचा मेळा: रॉकमधून जग सुधारेल असं मानणारी अमेरिकन तरुणाई. 'रोलिंग स्टोन' १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत निघालं ते याच वातावरणात. त्यांच्या कानात क्रीम होता, म्हणजे त्यांचा गिटारवाला एरिक क्लॅप्टन याच्यासारखे हात, ब्लूज या जुन्या अमेरिकन संगीतावर घेतलेल्या लांबलचक ताना, वादनाची कसरत. त्या काट्यावर सॅबथला ठेवलं, म्हणजे केळीचा घड सराफाच्या काट्यावर ठेवल्यासारखं झालं. काटा खोटा नव्हता. माल त्या काट्याचा नव्हता.

आणि मुळात या मालाला नावच नव्हतं. आज एखादं संथ, जड, काळं गाणं लागलं की आपण 'डूम मेटल' म्हणून मोकळे होतो आणि त्याच्याकडून चपळाईची अपेक्षा ठेवत नाही. १९७० मध्ये हा कप्पाच नव्हता. ब्लूज-रॉकच्या कप्प्यात घालून बघितलं, तर हा ब्लूज-रॉकचा वाईट नमुना दिसणारच. संथपणा म्हणजे हात चालत नाही, पुनरावृत्ती म्हणजे कल्पना संपल्या, जडपणा म्हणजे गोंगाट. पुढे तोच संथपणा ताण झाला, पुनरावृत्ती मंत्रासारखी झाली, जडपणा हीच ओळख झाली.

बँग्सचा एक मुद्दा मी आजही मान्य करतो. दुसऱ्या बाजूवरचं 'वॉर्निंग' हे दुसऱ्याच बँडचं गाणं, यांनी ते दहा मिनिटांवर ताणलंय, आणि मधे आयोमी एकटाच भटकत राहतो. तिथे क्रीमची आठवण येते, आणि क्रीमच बरा होता असंही वाटतं. संपूर्ण अल्बम जेमतेम अडतीस मिनिटांचा. त्यातला पाव भाग याने खाल्लाय.

लोकांनी मात्र परीक्षणांची वाट पाहिली नाही. इंग्लंडमध्ये अल्बम आठव्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकेत तेविसाव्या, आणि तिथल्या यादीत वर्षाहून अधिक काळ टिकला. दहा लाखांवर प्रती खपल्या. बँग्सचं परीक्षण छापून आलं त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये बँडचा दुसरा अल्बम 'पॅरानॉइड' आला आणि पुढे पहिल्या क्रमांकावर गेला. घेणारी पोरं कोण होती? कॉलेजच्या आवारात क्रांतीची चर्चा करणारी थोडी, आणि पाळी संपवून घरी येणारी किंवा उद्या पाळीला जायचंय हे कळून चुकलेली पुष्कळ, असा माझा अंदाज. फुलांची भाषा त्यांच्या कामाची नव्हती.

आमच्या ओळखीपाळखीत हा अल्बम आला तो कॅसेटवर, पुण्या-मुंबईला इंजिनिअरिंगला गेलेल्या कुणाच्या तरी बॅगेतून, रेकॉर्ड करून घेतलेल्या कॅसेटवरून पुन्हा रेकॉर्ड केलेला. मुखपृष्ठ नाही, क्रूस नाही, बँग्स नाही, क्रिस्टगाऊ नाही. कुणाशी तुलना करायची हेही ठाऊक नव्हतं. ज्याला भिडला त्याला भिडला, बाकीच्यांनी त्यावर सिनेमाची गाणी भरून घेतली. परीक्षणाशिवाय ऐकण्याचे असे फायदे असतात. तोटा असा, की क्रीम नावाचा बँड होता हे कळायला आम्हाला फार वर्षं लागली.

बँग्सचं पुढे काय झालं, ते सांगण्यासारखं आहे. सप्टेंबर १९७० मध्ये तो एकवीस वर्षांचा होता. जन्म डिसेंबर १९४८ चा, म्हणजे ओझीपेक्षा अवघ्या अकरा दिवसांनी लहान. दोघेही पोरसवदाच. 'रोलिंग स्टोन' मधली त्याची सुरुवातही एमसी५ या बँडला झोडपून झाली होती आणि नंतर तो त्याच बँडच्या प्रेमात पडला. सॅबथच्या बाबतीतही तेच. १९७२ मध्ये 'क्रीम' नावाच्या मासिकात (हे मासिक, वरचा बँड नव्हे) त्याने सॅबथवर दोन भागांचा लांबलचक लेख लिहिला. ज्यांना सगळे सैतानाचे भक्त समजत होते, ते खरं तर नीती-अनीतीची चिंता करणारे लोक आहेत, अशी त्याची नवी मांडणी. क्रिस्टगाऊने मात्र या बँडला पुढेही फारशी दाद दिली नाही. दोघांतला खरा समीक्षक कोण? मत बदलणारा मोठा, असं म्हणायचा मोह होतो. पण क्रिस्टगाऊला जे आवडत नव्हतं ते त्याने तसंच सांगितलं, यालाही एक किंमत आहे. वाचकाला निदान कळतं की या माणसाचा कान कुठे बंद होतो.

बाकीचा निकाल समीक्षकांनी लावलाच नाही, वाजवणाऱ्यांनी लावला. ऐंशीच्या दशकात मेटॅलिकासारखे बँड आले, नव्वदच्या दशकात सिॲटलची पोरं आली, आणि मुलाखतीत विचारलं की जो तो सॅबथचं नाव घ्यायला लागला. एखाद्या तबकडीतून शंभर बँड फुटले, की तिला टाकाऊ म्हणणं अवघड होतं. २००६ मध्ये बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, ते मेटॅलिकाच्या हस्ते. त्याआधी अनेक वर्षं डावललं गेल्यावर ओझीने वैतागून आमचं नावच यादीतून काढा असं कळवलं होतं.

यादीतल्या क्रमांकांवर मात्र फार जीव टाकू नका. 'रोलिंग स्टोन'च्या २००३ च्या यादीत हा अल्बम २४१ वा होता, २०२० च्या यादीत ३५५ वा. सतरा वर्षांत तो शंभरावर पायऱ्या बिघडला, असं काही नाही. मतं देणारे बदलले, हिप-हॉप आणि सोलचे अल्बम वर आले, म्हणून रॉकचे पुष्कळ खाली सरकले. तोही काट्याचाच प्रश्न.

ऐकायचा असेल तर फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. बटलरचा बास त्या इवल्या स्पीकरमधून निघतच नाही, आणि बास गेला की गाणं निम्मं गेलं. साधे वायरचे हेडफोनही चालतील. आधी पहिलं गाणं पूर्ण, मग 'एन.आय.बी.', मग 'द विझर्ड', ज्यात ओझी माउथ ऑर्गन वाजवतो. 'वॉर्निंग' शेवटी, आणि कंटाळा आला तर बिनधास्त पुढे ढकला. गाण्यांच्या यादीत 'ईव्हिल वुमन' दिसलं तर तुमच्याकडे मूळची इंग्लंडमधली आवृत्ती आहे. त्याऐवजी 'विकेड वर्ल्ड' असेल तर अमेरिकेची. नव्या आवृत्त्यांत बहुधा दोन्ही असतात. मिळाली तर अमेरिकेची घ्या. 'ईव्हिल वुमन' हे कंपनीच्या आग्रहाखातर केलेलं दुसऱ्यांचं गाणं आहे आणि तसंच वाजतं. 'विकेड वर्ल्ड' मध्ये बिल वॉर्डचा जाझ ऐकू येतो, आणि ती बंद पडलेली स्ट्रॅटोकास्टरही.